दुपारचं पाणी

आमचे सासरे कानिफनाथ यांनी उभ्या आयुष्यात पूर्ण भरवसा टाकला तो एकाच गोष्टीवर, विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर. बाकी सगळं जग त्यांच्या दृष्टीनं काहीतरी लपवून बसलेलं होतं. दुकानदार हसून बोलला म्हणजे माल जुना आहे. पाहुणा न सांगता आला म्हणजे त्याचं काहीतरी काम आहे, आणि सांगून आला म्हणजे काम मोठं आहे.

माझीही त्यातून सुटका झाली नाही. केडगावला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी भरून द्यायची, हा धंदा. रेश्माचं स्थळ आलं त्याच आठवड्यात एक म्हातारा दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसला. सकाळी बसला तो दुपार कलली तरी उठेना. आईला त्याची दया आली. तिनं दोनदा चहा पाजला, जेवता का म्हणून विचारलं. पुढं आम्ही मुलगी बघायला गेलो तर तोच म्हातारा पांढरी टोपी घालून समोर बसलेला. "दुकानात गिऱ्हाईक खरंच येतं, का सोयरीक जमेस्तवर कुनाला आनून बसवलंय, ते बघाया आल्तो," असं त्यांनी माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं. पोरगी मला दिली, पण भरवसा काही दिला नाही. तेव्हापासून मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला जावईबापू म्हणतात, पण डोळे बारीक करून.

त्यांची वस्ती श्रीगोंद्याच्या पुढं, मुरमाड रानात. दोन भावांची जमीन शेजारी शेजारी आणि मधल्या बांधावर एकच सामाईक विहीर. विहिरीच्या एका अंगाला मामांची लिंबोणी, दुसऱ्या अंगाला धाकटे भाऊ काकासाहेब यांचा ऊस. विजेचे खांब वस्तीपर्यंत कधी आलेच नाहीत. त्यामुळं दोघांच्या वडिलांनी घेतलेलं डिझेल इंजिनच पाणी ओढायचं. ज्याची पाळी त्यानं आपलं डिझेल ओतायचं. इंजिन चालू झालं की पहिले चार तास थोरल्याचे, पुढचे चार तास धाकट्याचे. पहिलं पाणी थोरल्याचं, ही रीत त्यांच्या घरात मोट होती तेव्हापासूनची. त्यात पाण्यापेक्षा मान मोठा होता. दोघांचे वडील गेले, वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. पण पाळीचा क्रम कुणी बदलला नाही. काकासाहेब मामांपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. दादा विहिरीवर असतील तर ते बांधावर उभे राहायचे आणि दादांनी हाक मारल्याशिवाय पुढं यायचे नाहीत.

इंजिनाबद्दल मामा बोलायला लागले की ऐकत राहावं. "ते लबाडी करत न्हाई," म्हणायचे. "डिझेल संपलं की गप, हवा धरली की फुरफुरतं, दमलं की खोकतं. जे हाय ते तोंडावर." खोकायचं तर ते खरंच. काळा धूर निघायचा तो वाऱ्यानं घराकडं यायचा. मामींच्या, म्हणजे छबूबाईंच्या, वाळत घातलेल्या लुगड्यांना कायम डिझेलचा वास. विहिरीवर कोण काय बोललं ते ऐकायला यायचं नाही, हातवारे करून बोलावं लागायचं. हँडल मारताना उलटा झटका बसून मामांचं मनगट एकदा मोडलं. प्लास्टर घालून घरी आले तर म्हणाले, "त्याची चूक न्हाई, माजाच अंगठा वर राहिला हुता." माझ्या हातून पाण्याचा तांब्या जरा कलंडला तरी ते मला इतकी सूट देत नसत.

दिवस बदलले ते डिझेलनं. भाव चढत गेला, तो गेलाच. श्रीगोंद्याहून कॅन मोटरसायकलला बांधून आणायचं, तर पंपावरचा माणूस कधी कॅनमध्ये देणार नाही म्हणून परत पाठवायचा. काकासाहेब कंटाळले. एके दिवशी मी तिथं असतानाच त्यांनी विषय काढला, की सरकारी योजनेतून सौर पंप मिळतोय, अर्ज करू. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी सरळपणानं सांगितलं, "घ्या मामा. डिझेलची कटकट जाईल."

मामा एकदम सावध झाले. "जावईबापू, तुमचा धंदा मोटारी जळन्यावर. समदीकडं असलं सोलर झालं तर तुमच्या दुकानात कोन येनार?"

"कमी येतील," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू.

"मंग सोताचा तोटा असून तुमी आमाला घ्या म्हनताय?"

"हो."

"म्हंजी यात कायतरी हाय," मामा काकासाहेबांकडं वळून म्हणाले. "बिनफायद्याचा सल्ला कोन देत न्हाई."

मी चहा प्यायलो.

नव्याचा त्यांना राग नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. फुकट आणि गुपचूप चालणाऱ्या गोष्टींचा होता. डोंगरावर पवनचक्क्या आल्या तेव्हा त्या पंख्यांनी ढग हाकलतात आणि पाऊस पळवतात अशी आवई सगळीकडं उठली होती. मामांनी ती लोकांकडून ऐकली, पण आपल्याच मनातली असल्यासारखी जपली. पेट्रोलात उसाचं इथेनॉल घालायला लागले तर रोज मोटरसायकलच्या टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचे. "काक्याचा ऊस कारखान्यात जातो, तिथनं माज्या गाडीत येतो. मंग पेट्रोल सोस्त का झालं न्हाई? मधी कोन पितं?" हा प्रश्न त्यांनी मला इतक्या वेळा विचारला की शेवटी तो मलाही पडायला लागला. मी बॅटरीवरची स्कूटर घेतली, तर तिच्यावर ते बसायला तयार नव्हते. ज्या गाडीचा आवाज येत नाही ती चालू आहे की बंद ते माणसानं कसं ओळखायचं, असं त्यांचं म्हणणं. बरं, सगळं चुकीचंच बोलत असतं तर हसून सोडून दिलं असतं. तसंही नव्हतं. ती स्कूटर घेऊन मी वस्तीवर निघालो आणि चार्जिंग संपून घारगावच्या अलीकडं ढकलत बसलो, तेव्हा मला आठवले ते मामाच.

शेवटी अर्ज झाला तो काकासाहेबांच्या नावानं, कारण मामांनी ओटीपी द्यायला साफ नकार दिला. मोबाईलवर आलेला आकडा दुसऱ्याला सांगितला की खात्यातून पैसे जातात, हे त्यांनी बातम्यांत ऐकलेलं. त्यामुळं नाव काकासाहेबांचं, मोबाईल काकासाहेबांचा, आणि पंप बसल्यावर त्याच्या कळीच्या पेटीची चावीही काकासाहेबांकडं. हे सगळं मामांनी स्वतःच्या हट्टानं ओढवून घेतलं, आणि पुढं याच तीन गोष्टी त्यांनी भावाच्या विरुद्ध पुरावा म्हणून मांडल्या.

पावसाळा सरता सरता सोलरच्या प्लेटा बसल्या. कळ दाबली आणि काही आवाज न होता पाइपातून पाणी पडायला लागलं. मामींना इतका आनंद झाला की त्या विहिरीच्या काठावर उभं राहून मुद्दाम हळू आवाजात माझ्याशी बोलल्या, "जावईबापू, ऐकू येतंय का हो?" ऐकू येत होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या विहिरीवर त्या पहिल्यांदाच अशा बोलत होत्या. धूर नाही, कॅन नाही, हँडल नाही. मामा मात्र पेटीभोवती फिरत होते. बसवणाऱ्या पोरानं सहज सांगितलं, की पेटीत सिमकार्ड आहे, पंप कसा चालतो ते कंपनीला ऑफिसात बसून दिसतं, आणि मोबाईलवरून बंद-चालूही करता येतो. झालं. मामांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

"आपल्या हिरीत किती पानी हाय ते तिकडं बसून बघनार," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "आन् मोबाईलवरनं बंद करता येतं, तर बारीकबी करता येत असंल."

"बारीक नाही करता येत, मामा."

"तुमाला कुनी सांगितलं? कंपनीनं? ती सांगंल व्हय?"

हिवाळ्यात एकदा पंप बंद पडला. कंपनीच्या नंबरवर फोन केला की एक बाई गोड आवाजात तक्रार नोंदवली म्हणून सांगायची आणि माणूस काही यायचा नाही. तीन आठवडे गेले. मामांनी जुन्या इंजिनावरची गोणपाटं काढली, हँडल मारलं, आणि त्या धडधडीत असे उभे राहिले, जशी काही कोर्टात केस जिंकली. इंजिन बिघडलं तर गावातला कुठलाही मिस्त्री सायकलवर येऊन नीट करायचा. ही पेटी उघडायला पुण्याहून माणूस लागत होता. तो एकदाचा आला, त्यानं काहीतरी बदललं आणि पंप चालू झाला. पण मामांचा संशय त्या तीन आठवड्यांत चांगला पोसला गेला होता.

खरी गोष्ट सुरू झाली फाल्गुनात. लिंबोणीला फूल येऊन गेलं होतं, बारीक फळ धरलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला येणारं हे लिंबू म्हणजे मामांचं वर्षाचं सगळं काही, आणि या दिवसांत झाडाला पाण्याचा ताण बसला की फळ गळतं. पाळीचा क्रम जुनाच ठेवलेला. सकाळी सातला पंप चालू व्हायचा, अकरापर्यंत मामांचं पाणी. अकरा ते तीन काकासाहेबांचं. पुढं जे येईल ते जनावरांच्या हौदाला आणि घरच्या वापराला.

डिझेल इंजिनाला सकाळ आणि दुपार सारखीच. ते सातलाही तेवढंच पाणी फेकायचं आणि बारालाही. सूर्याचं तसं नाही. सकाळी ऊन तिरपं, प्लेटांना जोर नाही, त्यामुळं धार करंगळीएवढी. दहा-साडेदहाला कुठं ती अंगात यायची, तोवर मामांची पाळी संपत आलेली. आणि काकासाहेबांच्या पाळीला तीच धार मनगटासारखी. मानाची पहिली पाळी सौर पंपानं गुपचूप दुय्यम करून टाकली होती, आणि हे अर्ज भरताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही, आणि मी तर मोटारीवर पोट भरणारा माणूस.

काकासाहेबांच्या लक्षात मात्र लवकर आलं. एके दिवशी ते बांधावर येऊन म्हणाले, "दादा, आपुन पाळी बदलू. सकाळचं मी घेतो, दुपारचं तुमी घ्या. दुपारी पानी जास्ती पडतंय. लिंबाला गरज हाय, उसाचं काय, ऊस दम काढतो."

साधी, सरळ गोष्ट. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं. मामांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि मग नाही म्हणून सांगितलं.

त्यांचा विचार काय होता तो त्यांनी मला पुढं स्वतः समजावून दिला, अगदी बोटांवर मोजून. "माजी पाळी संपायला आली का पानी वाढतं. बराबर संपायला आली का! ह्ये आपूआप हुतंय व्हय? चावी त्याच्याकडं, मोबाईल त्याचा. आन् दुपारचं पानी खरंच जास्ती असंल, तर त्यो मला का देईल? जास्तीचं पानी सुखासुखी कोन कुनाला देतं? आता मी दुपारची पाळी घेतली, का उद्यापास्नं सकाळचं पानी जाड आन् दुपारचं बारीक. पानी तर गेलंच, वर थोरल्याचा मानबी गेला."

"मामा, ते ऊन आहे. ऊन काकांच्या मोबाईलवर चालत नाही."

"तुमी म्हनलाच हुता घ्या म्हनून," ते म्हणाले आणि उठून गेले.

मला त्या दिवशी फार राग आला. संशय घ्यायलाही काही ताळतंत्र असतं. समोरचा माणूस वाईट वागला म्हणून त्याच्यावर संशय घेतला तर कळतं. इथं भाऊ चांगलं वागला, हाच मामांच्या लेखी त्याचा गुन्हा होता. रेश्मा म्हणाली, बोलू नका, बोललात की आणखी वाढेल. मी गप्प बसलो, आणि लिंबोणीची पानं कडेनं वळायला लागली.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी रेश्माला माहेरी सोडायला गेलो तर वस्तीवर तोंडं बंद झालेली. मामांनी जाहीर केलं होतं, की पाडवा झाला की भावकीतली चार माणसं बोलवायची आणि विहीर वाटायची. एक सामाईक विहीर वाटायची म्हणजे काय, तर एकानं हक्क सोडायचा आणि आपल्या रानात बोअर पाडायचं. त्या मुरमात बोअरला पाणी लागायची खात्री नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. पण खरं भांडण पाण्याचं नव्हतंच. विहीर गेली की दोन घरांना जोडणारं काही उरत नव्हतं. मामी चुलीपुढं बसून डोळे पुसत होत्या आणि धुराचं निमित्त सांगत होत्या, आणि चूल तर विझलेली होती.

त्याच दिवशी काकासाहेब आणि त्यांच्या पत्नी सविताकाकू कोल्हारला निघाले होते. त्यांची लेक सृष्टी तिथं दिलेली आहे, तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गाडीला पिशव्या अडकवून झाल्यावर काकासाहेब आमच्या अंगणात आले. मी त्यांना दादांसमोर आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी पेटीची चावी मामांच्या पुढ्यात ओट्यावर ठेवली. शेजारी मोबाईलही ठेवला.

"मी पाच-सा दिवस न्हाई," ते म्हणाले. "दोनी पाळ्या तुमीच करा. फोनबी तुमच्याकडंच राहू द्या. मंग बघा कोन पानी बारीक करतंय त्ये."

मामांनी चावी उचलली, मोबाईल उचलला. थँक्यू नाही, राहू दे नाही. काकासाहेब गेल्यावर त्यांनी मोबाईल उलटासुलटा बघितला आणि मामींना सांगितलं, की हा ज्वारीच्या कणगीत ठेव आणि वर पाटी टाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर विहिरीवर गेलो. मुद्दामच गेलो, माझं दुकान मी बंद ठेवलं. सातला मामांनी स्वतःच्या हातानं पेटी उघडली आणि कळ दाबली. पाणी आलं ते करंगळीएवढं. मामा चारी बाजूंनी बघून आले. विहिरीत वाकून बघितलं, प्लेटांच्या मागं जाऊन बघितलं, उसाच्या कडेनं एक चक्कर मारली. कुठं कुणी नाही. "कंपनी," ते पुटपुटले. मग ते आपल्या लिंबाच्या ओळीत दारं धरायला गेले, म्हणजे खोऱ्यानं माती इकडची तिकडं करून पाणी एकेका झाडाच्या आळ्यात वळवायला. त्या धारेला आळं भरता भरेना. पाणी पोहोचायच्या आधीच वाटेतली माती ते पिऊन टाकत होती. झाडांखाली मिरीएवढी हिरवी फळं पडलेली होती. मामा त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून तिरके चालत होते.

अकरा वाजले. कॉक फिरवून पाणी उसाकडं सोडायची वेळ झाली. धार तोवर बऱ्यापैकी झाली होती. मामांनी कॉक फिरवला, उसाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि वाट बघायला लागले. बारा वाजत आले तसं पाणी वाढत गेलं. पाइपाच्या तोंडातून ते असं उसळून पडायला लागलं की खालचा दगड दिसेना. चावी मामांच्या कंबरेला, मोबाईल कणगीत, काकासाहेब कोल्हारला, आणि कॉक कधी फिरतो ते कंपनीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मामांनी वर बघितलं. ऊन इतकं होतं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मग त्यांनी हात पुढं करून त्या धारेत धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

संशय घ्यायला त्यांच्याजवळ कुणीच उरलं नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. खरं सांगतो, सकाळपर्यंत मला त्यांची खोड मोडलेली बघायची होती. ती मोडताना बघितली आणि मला त्यातलं काही गोड लागलं नाही.

"मामा," मी जवळ जाऊन म्हणालो, "आता कॉक फिरवा. लिंबाला सोडा. तीनपर्यंत अर्धी बाग भिजेल. ऊस चार दिवस थांबला तर काही होत नाही, काकाच तसं म्हणाले होते."

मामांनी धारेतला हात बाहेर काढला.

"इथं कुणी नाही. आणि असतं तरी कोण नाव ठेवणार आहे? पाणी ते देतच होते."

मामा माझ्याकडं वळले. नेहमीसारखे डोळे बारीक करून बघतील असं वाटलं, पण तसं बघितलं नाही. "देत हुता तवा मी घेतलं न्हाई," ते म्हणाले. "आता त्यो न्हाई तर घिऊ व्हय? ही पाळी त्याची हाय."

आणि खोरं घेऊन ते उसात शिरले. सरीमागून सरी, पार टोकापर्यंत, त्यांनी त्या तळपत्या उन्हात भावाच्या उसाचं दारं धरलं. तीन वाजेपर्यंत एक सरी कोरडी सोडली नाही. मी बांधावर बसून होतो. एकदा उठून कॉकपर्यंत गेलोसुद्धा, आणि परत येऊन बसलो.

संध्याकाळी मी केडगावला परतलो. रेश्मा फोनवर सांगायची. बाबा रोज तसंच करतात. सकाळचं बारीक पाणी आपल्याला, दुपारचं जाड काकांच्या उसाला. काकांच्या गाईंचं दूधसुद्धा तेच काढतात. फळ रोज गळतंय. आई बोलली तर तिच्यावर ओरडले. विहीर वाटायचं आता काही बोलत नाहीत, पण दुसरंही काही बोलत नाहीत.

पाडव्याला मी रेश्माला आणायला गेलो, आणि त्याच दुपारी काकासाहेब कोल्हारहून आले. गाडी लावली आणि चूळ न भरता ते सरळ रानात गेले. मी त्यांच्या मागोमाग. त्यांचा ऊस काळाभोर झाला होता, सरीत पाय टाकला तर रुतत होता. बांधाच्या अलीकडं लिंबोणी. पानं गुंडाळलेली, आणि झाडाखाली फळांचा सडा पडून पिवळा पडलेला. काकासाहेब एकदा इकडं बघायचे, एकदा तिकडं. मामा उसाच्या तोंडाशी खोरं घेऊन उभेच होते, कारण बारा वाजून गेले होते आणि पाणी उसाला चालू होतं.

"दादा," काकासाहेब म्हणाले, आणि या वेळी आवाज चढला. "चावी तुमच्याजवळ हुती ना?"

"व्हय."

"दुपारचं पानी दिसलं का न्हाई?"

"दिसलं. पैल्याच दिशी."

"मंग झाडं का वाळवली?"

"पाळी तुजी हुती," मामा म्हणाले.

काकासाहेब खाली बांधावर बसले. डोक्याची टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. मामा खोऱ्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी कंबरेची चावी काढली आणि भावाच्या शेजारी बांधावर ठेवली. मग विचारलं, आणि इतक्या हळू विचारलं की इंजिन चालू असतं तर कुणालाच ऐकू आलं नसतं.

"तू मला पानी देत हुता, ते खरंच देत हुता का रं?"

"खरंच देत हुतो."

"का?"

काकासाहेबांनी टोपी खाली घेतली. त्यांना प्रश्नच कळला नाही. "का म्हंजी? झाडं तुमची हायेत म्हनून."

मामा त्या उत्तराकडं कितीतरी वेळ बघत राहिले. सवयीनं ते त्यात काही सापडतंय का ते शोधत होते, हे मला त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळत होतं. मला वाटलं आता काहीतरी काढतीलच. पण त्यांनी खोरं उचललं, बांध ओलांडून आपल्या लिंबोणीत गेले आणि पहिल्या आळ्याशी उभे राहिले. तिथून त्यांनी हाक मारली.

"काक्या, मंग दे."

काकासाहेब उठले आणि कॉक फिरवायला गेले.